फास मांडला की परत यावे लागते

शिकारीच्या कथांमध्ये बाण पुष्कळ आहेत, फास थोडे. बाणाला वेग असतो, नेम असतो, सुटण्याचा क्षण असतो. कवीला आणि चित्रकाराला हवे ते सगळे त्याच्यापाशी आहे. फासापाशी यातले काहीच नाही. तो मांडायचा आणि निघून जायचे. पुढे जे घडते ते पाहायला मांडणारा तिथे नसतो. बाण सोडणाऱ्याला आपण काय केले ते त्याच घटकेला दिसते. फास मांडणाऱ्याला आपल्या कृतीचे फळ दुसऱ्या दिवशी पायपीट करून, स्वतःच्या हातांनी सोडवून घ्यावे लागते. शिकारीच्या जगात फासाला कमीपणाची जागा मिळाली. ते बायकापोरांचे काम, असे म्हटले गेले. मला मात्र माणूस घडवण्याच्या दृष्टीने हीच रीत अधिक अवघड वाटते. आपल्या गैरहजेरीत घडलेल्या गोष्टीची जबाबदारी अंगावर घेणे भल्याभल्यांना जमत नाही. कॅनडाच्या उत्तरेकडच्या अरण्यांत ती लहान मुलांना शिकवत आले आहेत, आणि शिकवण्याचे निमित्त आहे ससा.

हडसन उपसागराच्या दक्षिणेला जेम्स बे नावाचा फाटा आत शिरला आहे. त्याच्या पूर्व किनाऱ्यापासून मिस्टिसिनी सरोवरापर्यंत आणि त्याही पलीकडे क्री लोकांचा प्रदेश पसरला आहे. स्प्रूसची काळपट, सरळसोट झाडे, दलदली, असंख्य तळी आणि लांबलचक हिवाळा. इथल्या सशाला इंग्रजीत ‘स्नोशू हेअर’ म्हणतात, पूर्वेकडचे क्री लोक ‘वापुश’ म्हणतात. आपल्या माळरानावरच्या सशाचा हा चुलतभाऊ. दोघेही बीळ करत नाहीत. झुडपाच्या आडोशाला अंग चोरून उघड्यावर बसतात, आणि त्यांची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात. वापुशचे वजन दीड किलोच्या आसपास. मागचे पाय अंगाच्या मानाने फार मोठे, म्हणून भुसभुशीत बर्फातही तो रुतत नाही. उन्हाळ्यात तो तपकिरी असतो, हिवाळ्यात पांढरा. हा पालट थंडी किती पडली यावर ठरत नाही, दिवस किती लहान झाला यावर ठरतो. त्यामुळे बर्फ उशिरा पडला की पांढरा झालेला ससा तपकिरी जमिनीवर चहूकडून दिसू लागतो आणि शत्रूच्या तावडीत सापडतो. हवामान बदलत चालल्याची ही खूण इथल्या लोकांना आपल्या अंगणातच दिसते.

मोठ्या जनावरांच्या मागावर लांब जाणे बहुतेक पुरुषांकडे असे. ससे मुक्कामाच्या आसपासच मिळतात, म्हणून हे काम पूर्वापार बायका, म्हातारी माणसे आणि मुले यांच्याकडे आले. आजी नातवंडाला घेऊन निघते. ती फार बोलत नाही, दाखवते. खोल बर्फात ससा रोज त्याच वाटेने ये-जा करतो, त्यामुळे वाट दाबून घट्ट झालेली असते. मागच्या मोठ्या पायांचे ठसे पुढे आणि पुढच्या लहान पायांचे मागे, हे एकदा ध्यानात आले की ससा कुणीकडे गेला ते कळते. बाजूला वाळुंजाच्या जातीची झुडपे असतात, त्यांच्या डहाळ्या कुरतडलेल्या दिसतात. काप तिरका आणि स्वच्छ असेल तर तो सशाचा; फाटका, साल लोंबत असलेला असेल तर मूसचा, कारण त्या दांडग्या हरणाला वरचे पुढचे दात नसतात आणि तो डहाळी ओढून तोडतो. अक्षरओळख होण्याआधी मूल हे वाचायला शिकते.

मग तार निघते. पूर्वी जनावराची तात किंवा सालीची दोरी वापरत, आता बारीक पितळी तार. तिची चमक आणि माणसाचा वास जावा म्हणून ती धुरावर धरलेली असते. एका टोकाला लहानसा डोळा करायचा, दुसरे टोक त्यातून ओवायचे, की सरकता फास तयार. त्याचा घेर मुठीएवढा. बर्फापासून उंची चार बोटे. वाटेच्या दोन्ही अंगांना स्प्रूसच्या डहाळ्या खोचून कुंपण करायचे, म्हणजे ससा बगल देऊन जात नाही. तार आडव्या दांड्याला पक्की बांधायची. काही जण जवळचे लवचीक रोप वाकवून त्याला तार जोडतात. ससा अडकला की रोप झटक्याने उसळते, मरण लवकर येते आणि सावज कोल्ह्याच्या तोंडी लागत नाही. या मापांत जरा ढिलाई झाली तर काय होते हेही आजी सांगते. घेर मोठा राहिला तर मान सुटते आणि ससा कमरेत अडकून रात्रभर तडफडतो. तार कच्ची बांधली तर ती गळ्यात घेऊन तो पळतो आणि कुठेतरी हाल होऊन मरतो. हातातले कौशल्य आणि मनातली दया या दोन गोष्टी आपण एरवी वेगवेगळ्या खात्यांत मांडतो. इथे त्या एकाच मुठीने मोजल्या जातात. जो नीट मांडत नाही तो क्रूर ठरतो, मग त्याचे मन कितीही हळवे असो.

निघताना आजी मुलाला जवळच्या फांदीवर खूण बांधायला लावते. रात्री बर्फ पडले तरी फास सापडला पाहिजे. मग दोघे परततात, आणि शिक्षणाचा खरा भाग इथून सुरू होतो. मूल ऊबेत झोपलेले असते, पण रानात त्याची तार त्याच्या वतीने जागी असते. तिथे आत्ता काय चालले असेल हा विचार त्याच्या मनात आपोआप येतो. आपण जिथे नाही तिथेही आपले काही चालू आहे, ही जाणीव लहान वयात येणे मी फार मोलाची मानतो. सकाळी कितीही थंडी असो, उठून जावेच लागते. आज कंटाळा आला ही सबब चालत नाही, कारण वाट पाहणारे तिकडे कुणीतरी असू शकते.

सकाळी काय दिसेल याचा नेम नसतो. कधी फास तसाच, कधी ससा बाजूच्या नव्या वाटेने गेलेला. कधी नुसते केस आणि रक्ताचे थेंब, म्हणजे कोल्हा आधी येऊन गेला. कधी कडाक्याच्या थंडीत लाकडासारखा गोठलेला ससा. क्वचित तो जिवंत असतो. तेव्हा आजी त्याला चटकन संपवते आणि मुलाला बाजूला पाठवत नाही. घरी आणल्यावर पोटाजवळ चीर देऊन कातडे मोज्यासारखे उलटे ओढून काढतात. मग आजी काळीज, म्हणजे यकृत, पाहायला सांगते. त्यावर पांढरे ठिपके असतील तर तो ससा टाकून द्यायचा. सशांमधून माणसाला होणाऱ्या ट्युलरेमिया या रोगाची ती खूण असते. हे नाव विज्ञानात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आले. सशाचे कातडे पातळ असते, सहज फाटते, पण वाया जात नाही. ते गोल गोल कापून लांब पट्टी करायची, पट्टीला पीळ द्यायचा आणि जाळ्यासारखे विणायचे. शंभराच्या आसपास कातडी लागणारी अशी पांघरुणे आणि मुलांचे कोट या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. ज्या मुलाने ससे आणले त्यालाच त्यांची ऊब मिळे.

आणि पहिला ससा? तो मुलाने स्वतः खायचा नसतो. पहिली शिकार वडीलधाऱ्यांना द्यायची, ही रीत उत्तरेकडच्या अनेक आदिवासी समाजांत आहे. मिळवण्याचा पहिला अनुभव देण्याने पुरा होतो. मिस्टिसिनीच्या क्री लोकांबरोबर राहून मानववंशशास्त्रज्ञ एड्रियन टॅनर यांनी १९७९मध्ये ग्रंथ लिहिला. त्यात एक गोष्ट ठळकपणे येते: इथला शिकारी जनावराला जिंकलेली वस्तू समजत नाही, जनावराने आपल्याला दिलेले दान समजतो. मान राखला नाही, हाडे इतस्ततः फेकली, गरजेपेक्षा जास्त घेतले, तर पुढच्या वेळी जनावर स्वतःला देणार नाही. म्हणजे उद्याचा घास आजच्या वागणुकीवर अवलंबून. मूल चालू लागले की जेम्स बेच्या क्री कुटुंबांत एक सोहळा होतो. तोपर्यंत त्या मुलाने तंबूबाहेर जमिनीवर पाय टेकवायचा नसतो. पहाटे, सूर्य उगवताना, वडीलधाऱ्याचा हात धरून ते तंबूच्या दारातून बाहेर पडते, डहाळ्या अंथरलेल्या वाटेने झाडापर्यंत जाऊन परत येते. मुलग्याच्या हाती लाकडाची छोटी बंदूक, मुलीच्या हाती छोटी कुऱ्हाड आणि सरपण. आपल्या सोळा संस्कारांतही निष्क्रमण आहे, तान्ह्या बाळाला बाहेर आणून सूर्यदर्शन घडवण्याचे. क्री मुलाचे मात्र पहिले पाऊलच कामाच्या वाटेवर पडते.

ससा या मुलांना आणखी एक धडा देतो, आणि तो काळाचा आहे. वापुशची संख्या कायम एकसारखी राहत नाही. आठ ते अकरा वर्षांच्या चक्रात ती प्रचंड वाढते आणि मग कोसळते. सशावर जगणाऱ्या लिंक्स या रानमांजराची संख्या त्यामागोमाग वर-खाली होते. हडसन्स बे कंपनीच्या कातड्यांच्या व्यापाराच्या नोंदी चार्ल्स एल्टन आणि मेरी निकोल्सन यांनी तपासल्या आणि १९४२मध्ये लिंक्सचे दहा वर्षांचे चक्र मांडले. युकॉनमधल्या क्लुएन भागात चार्ल्स क्रेब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६पासून अनेक वर्षे एकेक चौरस किलोमीटरच्या तुकड्यांवर प्रयोग केले. शिकारी प्राण्यांना कुंपणाने दूर ठेवले तर सशांची संख्या दुप्पट झाली, खाणे पुरवले तर तिप्पट. दोन्ही केले तेव्हा अकरापट. भूक आणि भीती वेगवेगळ्या काम करत नाहीत, एकमेकींना बळ देतात, हे त्यातून उघड झाले. आजीने हे आकडे पाहिलेले नसतात, पण पाऊलवाटा विरळ झाल्या की फास कमी मांडायचे हे तिला ठाऊक असते. दहा वर्षांचे मूल आपल्या आयुष्यात सशांची एक लाट आलेली आणि ओसरलेली पाहते. भरभराट कायमची नसते हे त्याला कुणी सांगावे लागत नाही.

आणि भरभराटीतही धोका असतो. सशाच्या मांसात चरबी जवळजवळ नसते. फक्त तेच खात राहिले तर पोट भरूनही माणूस खंगतो, हगवण लागते, जीव जाऊ शकतो. प्रथिनांतला नत्र बाहेर टाकण्याची यकृताची ताकद मर्यादित असते. उत्तर ध्रुवप्रदेशात फिरलेल्या स्टेफान्सन यांनी या उपासमारीचे वर्णन केले आहे. सहज मिळते त्यावर संपूर्ण जगता येत नाही. ससा हा आधार आहे, पण एकटा पुरा पडत नाही; मासा, बीव्हर, रानहंस, मूस असे सगळे लागते. सशाच्या निमित्ताने मूल संपूर्ण रानाशी बांधले जाते.

हे बांधलेपण तोडायचे ठरवले तर मुलांना उचलून न्यायचे, एवढे पुरे होते. कॅनडाच्या सरकारने आणि चर्चनी निवासी शाळांच्या रूपाने तेच केले. दीड लाखाहून अधिक आदिवासी मुले या शाळांत घातली गेली. जेम्स बेच्या काठी फोर्ट जॉर्ज बेटावर अशा शाळा होत्या. मुलांना ऐन फास मांडण्याच्या ऋतूत आजीपासून दूर ठेवले, स्वतःची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा केली. सत्य आणि समेट आयोगाच्या २०१५च्या अहवालात त्या छळाची आणि तिथेच मेलेल्या मुलांची नोंद आहे. एका पिढीचा हात आजीच्या हातातून सुटला की पुढच्या पिढीला कोण दाखवणार? जलविद्युत प्रकल्पाविरुद्धच्या लढ्यातून १९७५मध्ये जेम्स बेचा करार झाला. त्यातून क्री लोकांचे स्वतःचे शाळा मंडळ उभे राहिले आणि रानात राहून जगणाऱ्या कुटुंबांना उत्पन्नाचा आधार मिळाला. आज वसंतात रानहंस येतात तेव्हा तिथल्या शाळा सुट्टी देतात, मुले घरच्यांबरोबर रानात जातात. यलोनाइफजवळच्या डेचिंटासारख्या संस्था तर रानालाच वर्ग मानून शिकवतात. अशा ठिकाणी मुलांबरोबर फास मांडणे म्हणजे तुटलेला धागा पुन्हा ओवणे होय. याला कुणी छंद म्हणू नये.

मराठी वाचकाच्या मनात इथे एक अस्वस्थता येणारच, आणि ती यायला हवी. मुलांना मारायला शिकवायचे? आपल्या काव्यपरंपरेचा पहिला श्लोक निषादाच्या बाणाने क्रौंच पडला त्या शोकातून निघाला, असे आपण मानतो. पण त्याच परंपरेत महाभारताच्या वनपर्वात धर्मव्याध भेटतो. तपस्वी कौशिक मिथिलेच्या बाजारात मांस विकणाऱ्या माणसापाशी धर्म शिकायला जातो. व्याध म्हणतो की मी स्वतः मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेले विकतो. पण तेवढे सांगून तो स्वतःला मोकळे करून घेत नाही. आपले काम घोर आहे हे कबूल करतो. आणि नांगराच्या फाळाखाली किती जीव मरतात याचीही आठवण करून देतो. अहिंसेची थट्टा करण्यासाठी तो हे बोलत नाही. हिंसा पूर्ण टळत नाही, म्हणून ती कमी करण्याची आणि तिचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी वाढते, एवढेच त्याचे म्हणणे मी समजतो. ऊसतोडीच्या फडात, मळणीच्या यंत्राखाली आपल्या पानातल्या शाकाहारी घासासाठीही जीव जातात. तिथे परत जाऊन पाहणारे कुणी नसते.

महाराष्ट्रालाही फास मांडणारे लोक ठाऊक आहेत. फासेपारध्यांच्या नावातच त्यांचे साधन आहे. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी इथल्या भटक्या जमातींचा अभ्यास केला तेव्हा दिसले की एकाच मुलखात शिकार करणाऱ्या जमातींची सावजे वेगळी आणि रीतीही वेगळ्या: नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने, वैदू सापळ्यांनी, फासेपारधी फासांनी. फासात पाडस किंवा गाभण हरणी सापडली तर फासेपारधी तिला सोडून देत, हेही त्यांनी नोंदवले. सोडायचे तर आधी जाऊन पाहावे लागते. मोकळे करण्याचा निर्णय फासापाशी उभे राहूनच घेता येतो. पुढे गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांवर जन्माचा शिक्का मारला; १८७१मध्ये सुरू झालेला तो कायदा १९५२मध्ये गेला, शिक्का मात्र लोकांच्या मनातून गेला नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी शिकार बंद झाली. आपल्याकडे आज सशासाठी फास मांडणे गुन्हा आहे आणि तो तसाच असावा, कारण आपले माळ आणि रान फार आक्रसले आहे. पण कायदा आला तेव्हा या लोकांचे ज्ञान जपायची, त्यांच्या मुलांना सन्मानाची दुसरी वाट द्यायची तसदी आपण घेतली नाही, ही आपली चूक आहे आणि ती मला बोचते.

फास मात्र थांबलेले नाहीत. कोकणात शेताच्या कडेला रानडुकरासाठी फासकी लावतात आणि त्यात बिबट्या अडकल्याच्या बातम्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातून वारंवार येतात. डुकराने हाती आलेले पीक उद्ध्वस्त केल्यावर शेतकऱ्याचा जीव कसा जळतो, हे मी जाणतो. त्याला वेळेवर आणि पुरेशी भरपाई मिळालीच पाहिजे. तरी जाड तारेची ती फासकी आणि आजीची मुठीएवढी तार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फासकी कुणालाही ओळखत नाही. तिला माप नाही, खूण नाही. बहुतेक वेळा ती कुणी लावली हेही कळत नाही, कारण लावणारा पुढे येत नाही. बिबट्या कमरेत तार रुतून तासन्‌तास ओढ खात राहतो आणि गाव लांबून पाहत राहते. गैरहजर माणसाचे हत्यार किती भयंकर असते ते तिथे दिसते.

आपल्या शहरी मुलांना सशाचे फास शिकवा, असे मी म्हणत नाही. कायदा नसता तरी म्हटले नसते. त्या कृतीला तिचे रान, तिची थंडी, तिची भूक आणि तिची आजी लागते, ती उचलून कुठेही रोवता येत नाही. पण आपली मुलेही रोज काहीतरी मांडून निघून जातात. बोट दाबले की कुठेतरी कुणी पळत सुटते, कुठेतरी काही कापले जाते, कुठेतरी काही टाकले जाते, आणि त्यातले काहीच त्यांच्या नजरेला पडत नाही. ती वाईट आहेत म्हणून असे होत नाही. मांडलेल्या जागी परत न्यायला त्यांच्यासोबत कुणी येत नाही, म्हणून होते. कचरा जिथे जातो तिथे, दूध जिथून येते तिथे, भाजी जिथे पिकते त्या बांधावर, बोकड जिथे कापला जातो तिथेही मुलाचा हात धरून जाणारे एखादे मोठे माणूस हवे. गप्प राहणारे चालेल, तोंड फिरवणारे नको.

क्री आजीच्या शाळेत शेवटचा धडा ऋतूच्या अखेरीस येतो आणि त्याची दखल क्वचितच कुणी घेते. शिकार थांबवायची वेळ झाली की मांडलेले सगळे फास काढून आणायचे असतात. किती मांडले होते ते आठवायचे, खुणा शोधायच्या, एकेक तार सोडवून गुंडाळायची. एक जरी राहिला तर तो पुढे महिनोन्‌महिने मारत राहील, आणि त्या मेलेल्याचा कुणालाच उपयोग नसेल. मिळण्याची आशा नसताना, शाबासकी देणारे कुणी नसताना, बर्फ वितळून चिखल झालेल्या रानात हे काम करायचे असते. मुलाने पहिला ससा आणला त्या दिवशी घरात कौतुक होते. पण ते खरोखर मोठे झाले, असे मी म्हणेन, ते मोजून सगळ्या तारा परत आणल्याच्या दिवशी.